५ थरांच्या कास्ट स्ट्रेच फिल्मसाठी टी-डाय: लिप गॅप, मॅनिफोल्ड आणि फीडब्लॉक कसा ठरवायचा?

फिल्मलाइन_४अप

नमस्कार मंडळी. जुन्या ३ थरांच्या कास्ट लाइनवर नवा फीडब्लॉक (थर एकत्र आणणारा ठोकळा) आणि नवी डाय (वितळलेले प्लास्टिक, म्हणजे मेल्ट, पडद्यासारखे सोडणारा साचा) बसवायची आहे. माहिती अशी:

५०० मिमीचे ४ रोल एकाच वेळी, म्हणजे निव्वळ रुंदी २००० मिमी. जाडी मुख्यतः २० मायक्रॉन, अधूनमधून १७. उत्पादन ताशी ६०० किलो धरले आहे. मधल्या थरांना एलएलडीपीई (सरळ साखळीचे कमी घनतेचे पॉलिइथिलीन), एमएफआय (मेल्ट किती सहज वाहते त्याचा आकडा) ३ च्या आसपास, घनता ०.९१८. क्लिंग (चिकटणारा थर) फक्त एका बाजूला, तो थर १०%, प्लास्टोमर (मऊ, रबरासारखे पॉलिइथिलीन) मिसळलेला. दुसरी बाजू न चिकटणारी. मेल्ट तापमान २५० अंश.

विक्रेत्यांची कोटेशने आली आहेत, पण प्रत्येकाचा आकडा निराळा. एक जण लिप गॅप (डायच्या ओठांमधली फट) ०.५ मिमी सांगतो, दुसरा ०.८. लँडची (लिपमधल्या समांतर फटीची) लांबी १५ पासून ३० मिमीपर्यंत. डायची रुंदी नेमकी किती घ्यावी, यावरही एकमत नाही. हे आकडे येतात कुठून, आणि स्वतः पडताळायचे कसे?

मेल्टफ्लो

दादा, आधी रुंदी ठरवू, मग गॅपकडे वळू.

डाय २००० मिमीची घेतली तर २००० मिमी फिल्म कधीच मिळणार नाही. लिपमधून सुटलेला पडदा चिल रोलला टेकेपर्यंत दोन्ही बाजूंनी आत ओढला जातो, हे नेक-इन. एलएलडीपीईच्या साखळीला लांब फांद्या नसतात, मेल्टला ताण धरवत नाही, म्हणून त्याचे नेक-इन लांब फांद्यांच्या एलडीपीईपेक्षा बरेच जास्त. लिप ते रोल अंतर जितके वाढेल तितके नेक-इन वाढते. शिवाय काठाला जाड गोट येते, ती कापावीच लागते. तुमच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे मिळून १०० मिमी ट्रिम आणि १५० मिमी नेक-इन धरा. कच्ची फिल्म २१०० आणि डाय २२५० मिमी. अंतर ४० मिमीच्या आत ठेवता आले तर नेक-इन याहून कमी येईल, पण डाय विकत घेताना हात आखडू नका. ट्रिम नंतर कमी करता येते, डाय वाढवता येत नाही.

आता गॅप. २५० अंशांना पॉलिइथिलीन मेल्टची घनता सुमारे ०.७५ ग्रॅम प्रति घन सेंमी. ताशी ६०० किलो म्हणजे सेकंदाला १६६.७ ग्रॅम, म्हणजेच सेकंदाला २२२ घन सेंमी.

लिपच्या भिंतीवरचा शिअर रेट (मेल्टचे पदर एकमेकांवरून सरकण्याचा दर) = ६ × प्रवाह ÷ (रुंदी × गॅपचा वर्ग).

०.६ मिमी गॅप धरला तर ६ × २२२ ÷ (२२५ × ०.०६ × ०.०६) = सुमारे १६५० प्रति सेकंद. हा पाण्यासारख्या द्रवाचा हिशेब झाला. मेल्ट जोराने सरकवली की पातळ होते; ते मोजणारा पॉवर लॉचा घातांक एन ०.६ धरला तर १.२२ ने गुणायचे, म्हणजे जवळपास २००० प्रति सेकंद. या शिअर रेटला आणि २५० अंशांना रेझिनची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) किती, ते रेझिन कंपनीच्या रिऑलॉजी कर्व्हवरून वाचायचे. उदाहरणापुरती ७५ पास्कल-सेकंद घेऊ. मग भिंतीवरचा ताण ०.१५ मेगापास्कल.

दाब = २ × ताण × लँडची लांबी ÷ गॅप. १५ मिमी लँडला ७५ बार, २५ मिमी लँडला १२५ बार. तुमच्या कोटेशनांत लँड १५ ते ३० आहे, तेव्हा या एका आकड्यावर दाब दुप्पट होतो हे लक्षात घ्या. लँड लांब असला की प्रवाह सरळ होतो, लिपबाहेर फुगणे कमी होते. पण दाब वाढतो, मेल्ट तापते आणि डाय मधोमध उघडू पाहते.

आता या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा. दाब तोच असताना प्रवाह गॅपच्या (२ + १/एन) या घाताने बदलतो. एन ०.६ म्हणजे घात ३.६७. गॅप १% बदलला की तिथली जाडी ३.७% बदलते. ०.६ मिमीचा १% म्हणजे ६ मायक्रॉन. म्हणून विक्रेत्याने 'लिप समांतर, ±०.०१ मिमी' असे लिहून दिले, तर त्याचा अर्थ फिल्मच्या जाडीत ±६% फरक असा होतो. तो उरलेला फरक लिप बोल्टनेच काढावा लागतो.

गॅप ०.५ घेतला तर शिअर रेट २९०० वर जातो आणि लिपवर शार्कस्किन (फिल्मच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा) उमटायची भीती. ०.६ ते ०.७ ही माझ्या मते तुमच्यासाठी योग्य जागा.

चिलरोल

मेल्टफ्लो साहेब, हिशेब चोख आहे, पण गॅप नुसता शिअरवरून ठरवू नये. लिपमधून मेल्ट ज्या वेगाने निघते आणि रोल ज्या वेगाने ओढतो, त्यांचे गुणोत्तरही काढा.

०.६ गॅपला लिपमधला वेग मिनिटाला ९.९ मीटर. २० मायक्रॉन, २१०० मिमी कच्ची फिल्म, ताशी ६०० किलो म्हणजे लाइनचा वेग मिनिटाला सुमारे २६० मीटर. गुणोत्तर २६. गॅप ०.७५ केला तर लिपमधला वेग ७.९ वर येतो, गुणोत्तर ३३. शिअर रेट १३०० च्या खाली येतो, लिपचा ताण उतरतो, पण पडदा जास्त ओढला जातो. एलएलडीपीईत इथेच ड्रॉ रेझोनन्स सुरू होतो: फिल्मची रुंदी ठरावीक लयीत आत-बाहेर होते आणि त्याच लयीत जाडी लांबीच्या दिशेने वर-खाली जाते. लिप बोल्टने हे सुटत नाही, कारण दोष रुंदीच्या दिशेचा नाहीच. कित्येक ठिकाणी ऑपरेटर तासभर बोल्ट फिरवत बसतो आणि चांगली बसलेली डाय बिघडवतो. ओळखायची खूण सोपी आहे: रोलच्या कडेने सलग लांब फिल्म काढा आणि दर १० सेंमीला जाडी मोजा. जाडीची लाट नियमित आली तर ड्रॉ रेझोनन्स, किंवा एक्स्ट्रूडरचे सर्जिंग (उत्पादन लयीत कमी-जास्त होणे). सर्जिंगमध्ये मेल्ट प्रेशरचा काटाही त्याच लयीत हलतो, रेझोनन्समध्ये हलत नाही.

उपाय म्हणून लिप ते रोल अंतर कमी करा, व्हॅक्यूम बॉक्सचे (पडद्यामागची हवा ओढून तो रोलला टेकवणाऱ्या पेटीचे) सील तपासा. पडदा रोलला सरळ रेषेत टेकला पाहिजे. टेकण्याची रेषा पुढेमागे नाचत असेल तर व्हॅक्यूम कमी पडतोय किंवा सील झिजले आहे. बाहेरच्या थरात ३ ते ५% एलडीपीई घातली तर मेल्टला ताकद येते, नेक-इनही घटते, पण फिल्मची तुटेपर्यंत ताणण्याची क्षमता कमी होते. २५०-३००% प्री-स्ट्रेच देणाऱ्या मशीन ग्रेडला ते परवडत नाही, हातरोलला चालते.

१७ मायक्रॉन चालवणार असाल तर ०.६ च्या वर जाऊ नका, असे माझे मत.

मेल्टफ्लो

मान्य. १७ मायक्रॉनचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. त्या जाडीला ०.७ गॅपचे गुणोत्तर ३६ च्या आसपास जाते. ०.६ वरच थांबावे, आणि लिपचा ताण जड वाटला तर गॅपऐवजी तापमान ५-१० अंशांनी वाढवून किंवा प्रोसेसिंग एड घालून उतरवावा. फ्लोरोपॉलिमरचे प्रोसेसिंग एड फक्त बाहेरच्या दोन थरांत घाला, कारण लिपच्या धातूला तेच भिडतात. मधल्या थरात घालणे म्हणजे पैसा वाया.

टूलरूम_वाळूज

गॅपची चर्चा झाली, आता मॅनिफोल्ड (मेल्ट रुंदीभर वाटणारी डायमधली वाहिनी) आणि बॉडी. कोटेशनमध्ये 'कोटहँगर' एवढेच लिहिलेले असते आणि बहुतेक ग्राहक तिथेच समाधान मानतात.

मेल्ट मधून शिरते आणि दोन्ही टोकांकडे वाहते. वाटेत प्रत्येक सेंमीला थोडी लिपकडे उतरते, म्हणजे टोकाकडे प्रवाह कमी होत जातो. मॅनिफोल्डचा घेर त्या मानाने आवळत न्यायला हवा. गोल छेद धरून हिशेब करा: अर्ध्या डायचा प्रवाह १११ घन सेंमी प्रति सेकंद, प्रवेशाजवळ त्रिज्या १८ मिमी. शिअर रेट = ४ × प्रवाह ÷ (पाय × त्रिज्येचा घन) = सुमारे २४ प्रति सेकंद. हाच शिअर रेट टोकापर्यंत टिकवायचा असेल तर त्रिज्या उरलेल्या अंतराच्या घनमुळाने कमी करायची. अर्धी रुंदी ११२५ मिमी आहे. शेवटचे ५० मिमी उरतात तिथे त्रिज्या ६.४ मिमी पाहिजे. ती १० मिमी ठेवली तर त्याच प्रवाहाला तिथला शिअर रेट ६-७ वर येतो. मेल्ट रेंगाळते, तपकिरी होते आणि काही दिवसांनी काठाजवळच्या रोलमध्ये जेल येऊ लागतात. १० प्रति सेकंदच्या खाली कुठेही जाऊ नये, हा चांगला नियम आहे. प्रत्यक्षात छेद गोल नसून थेंबासारखा असतो, पण पडताळणीला गोल पुरेसा.

पुढे बॉडी. लिपचे ७५ बार आणि प्रीलँडचे (मॅनिफोल्ड आणि लिप यांमधल्या फटीचे) २५ धरले तर मॅनिफोल्डमध्ये १०० बार. मागून पुढे दाब उतरत जातो, म्हणून सरासरी ५० बार धरू. ओला भाग २२५० × १३० मिमी. डाय उघडणारा जोर सुमारे १५० टन निघतो. १२.९ ग्रेडचा एम२४ बोल्ट कागदावर २५ टन धरतो, म्हणजे ताकदीसाठी ६ बोल्ट पुरले असते. तरी २५ च्या आसपास लावतात, कारण प्रश्न ताकदीचा नसून वाकण्याचा आहे. मध्यभागी बॉडी ५-६ मायक्रॉन जरी उघडली, तरी वरच्या ३.६७ च्या घाताने मधली फिल्म ३-४% जाड होते. आणि उत्पादन बदलले की दाब बदलतो, उघडणे बदलते. ४०० किलोला नीट बसवलेली डाय ६०० किलोला मधून जाड का येते, त्याचे हे कारण. कोटहँगरमध्ये मध्यभागी मॅनिफोल्ड लिपपासून सर्वांत लांब असतो, त्यामुळे तिथे बॉडीला तरफ जास्त मिळते. मागची रेषा सरळ असलेल्या मॅनिफोल्डमध्ये हा त्रास कमी, पण तिथे प्रीलँडचा गॅप रुंदीभर बदलत न्यावा लागतो आणि मशीनिंग महाग पडते. २२५० मिमीसाठी मी सरळ मागच्या रेषेच्या बाजूने आहे.

बॉडी बोल्ट गार डायवर कसून सोडून देऊ नका. डाय चालू तापमानाला येऊन किमान ४ तास भिजू द्या, मग मधून टोकांकडे, आलटून-पालटून, ठरलेल्या टॉर्कला परत कसा. निकेल किंवा मॉलिब्डेनमचे अँटी-सीझ लावा, नाहीतर पुढच्या वेळी बोल्ट खोलताना तुटेल.

पोलाद पी२० दर्जाचे पुरते, पॉलिइथिलीनला स्टेनलेस लागत नाही. प्रवाहाच्या पृष्ठभागावर हार्ड क्रोम २५ ते ५० मायक्रॉन. लिपचे पॉलिश आरए (सरासरी खडबडीतपणा) ०.०५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. लिपची धार तीक्ष्ण हवी, गोलाई ०.०५ मिमीच्या वर गेली की मेल्ट सुटताना धारेला चिकटते आणि लिपवर राळ जमते.

फिल्मलाइन_४अप

टूलरूम, मेल्टफ्लो, चिलरोल, तिघांचेही मनापासून आभार. सरळ मागच्या रेषेबद्दल कुणीच सांगितले नव्हते.

आता थरांचा प्रश्न. सध्याच्या ३ थरांत क्लिंग थर काठाच्या रोलमध्ये जास्त चिकटतो, मधल्या रोलमध्ये कमी. आणि वेग वाढवला की क्लिंगच्या बाजूला बारीक व्ही आकाराच्या रेघा उमटतात, फिल्म धुरकट दिसते. नव्या फीडब्लॉकने हे जाईल का?

थरावरथर

दोन दोष वेगळे आहेत, कारणेही वेगळी.

पहिला, काठाला क्लिंग जास्त. दोन मेल्ट एकत्र वाहतात तेव्हा पातळ (कमी व्हिस्कॉसिटीची) मेल्ट भिंतीकडे सरकते आणि घट्ट मेल्टला वेढू लागते. फीडब्लॉक ते लिप हा प्रवास जितका लांब, तितके वेढणे जास्त. तुमच्या क्लिंग थराची मेल्ट मधल्या थरापेक्षा पातळ असणार, म्हणून तो थर काठाला गोळा होतो. लगतच्या थरांच्या व्हिस्कॉसिटीत ३:१ पेक्षा जास्त तफावत नको, आणि ती तफावत लिपच्या शिअर रेटला बघायची. एमएफआय म्हणजे अगदी कमी शिअरचा आकडा, त्यावर निर्णय घेऊ नका. आधी क्लिंग एक्स्ट्रूडरचे मेल्ट तापमान १०-१५ अंशांनी उतरवून बघा. फुकटचा उपाय आहे. उरलेली तफावत फीडब्लॉकच्या प्लगला (थरांच्या फटी ठरवणाऱ्या बदलता येणाऱ्या तुकड्याला) आकार देऊन काढता येते: प्लगच्या दोन्ही टोकांना क्लिंगची फट थोडी अरुंद करायची, म्हणजे काठाला कमी जाईल आणि वेढून झाल्यावर सम होईल. फीडब्लॉकचा बाहेर पडणारा छेद आणि डायचा प्रवेश दोन्ही आयताकृती हवेत. मध्ये गोल नळी आली की वेढायला मोकळे रान.

दुसरा, व्ही आकाराच्या रेघा. ही थरांच्या सीमेवरची अस्थिरता, बहुतेक वेळा झिगझॅग प्रकारची. ती लिपच्या लँडमध्ये जन्मते, कारण तिथे ताण सर्वांत जास्त. लिपमध्ये ताण मध्यभागी शून्य आणि भिंतीवर पूर्ण, मधे सरळ रेषेत वाढतो. क्लिंग थराने लँडमध्ये गॅपची १०% जागा घेतली असे ढोबळ धरले तर सीमा मध्यापासून ०.४ गॅपवर, आणि भिंत ०.५ गॅपवर. सीमेवरचा ताण भिंतीच्या ८०%. थर १५% केला तर ७०%, २०% केला तर ६०%. मेल्टफ्लोंचा ०.१५ मेगापास्कलचा आकडा घेतला तर १०% थराच्या सीमेवर ०.१२ पडतात. म्हणून वेग वाढला की रेघा येतात आणि कमी केला की जातात. फीडब्लॉक बदलून हे आपोआप जाणार नाही. क्लिंग थर १२-१५% करा, किंवा त्याचे रेझिन जास्त एमएफआयचे घ्या, किंवा भिंतीवरचा ताण उतरवा.

मात्र इथे गंमत अशी की दोन्ही दोषांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बाहेरच्या थराची मेल्ट पातळ (कमी व्हिस्कॉसिटीची) केली की रेघा जातात पण वेढणे वाढते. त्यामुळे आधी रेघा घालवण्यापुरती ती मेल्ट पातळ करा आणि मग वेढणे प्लगच्या आकाराने दुरुस्त करा. उलट क्रमाने गेलात तर प्लग दोनदा कापावा लागेल.

आणखी एक. थर जिथे भेटतात तिथे त्यांचे वेग जुळले पाहिजेत. १०० मिमी रुंद प्रवाहमार्गात क्लिंगचे २२ घन सेंमी ३ मिमी फटीतून निघाले तर वेग ७.४ सेंमी प्रति सेकंद. उरलेल्या ९०% ला २७ मिमी जागा मिळाली तर वेग तोच. फटींचे प्रमाण थरांच्या प्रमाणाइतके, एवढे लक्षात ठेवा. २०% साठी कापलेला प्लग ठेवून १०% चालवला तर क्लिंग निम्म्या वेगाने येतो, मधला थर त्याला खेचतो, आणि रेघांऐवजी मोठ्या कमानीसारख्या लाटा दिसतात. त्या लाटा फीडब्लॉकमधून येतात, लिप बदलून जात नाहीत. म्हणून डायसोबत दोन-तीन प्लगचा संच मागवा.

गेजबँड

थरावरथर यांच्या पोस्टला जोड. थरांची वाटणी खरोखर बघायची असेल तर क्लिंगच्या एक्स्ट्रूडरमध्ये १% निळा मास्टरबॅच अर्धा तास चालवा. लाइन हळू करून २०० मायक्रॉनची पट्टी काढा, रुंदीभर २० तुकडे कापा. नव्या ब्लेडने एका झटक्यात आडवा छेद घ्या आणि कडेकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. निळी रेघ मधल्या तुकड्यांत बारीक आणि काठाच्या तुकड्यांत जाड दिसली की वेढणे किती आहे ते मोजता येते. २० मायक्रॉनच्या फिल्मवर हे करू नका, ब्लेड थर फासते आणि आकडा खोटा येतो. पण हळू लाइनवर शिअर वेगळा असतो, म्हणून एक्स्ट्रूडरचे आरपीएम तेच ठेवा आणि फक्त चिल रोलचा वेग कमी करा.

आता ऑटो डाय घेणार असाल तर. २२५० मिमीला २८.५ मिमी अंतराने ७९ बोल्ट येतील. प्रत्येकात हीटर, बोल्ट तापला की लांबतो आणि लिप ढकलतो, गार झाला की सोडतो. ८० मिमीचा पोलादी बोल्ट १ अंश तापला की जवळपास १ मायक्रॉन वाढतो. लिपच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. तरी १ मायक्रॉन गॅप म्हणजे फिल्मच्या जाडीत ०.६%. त्यामुळे डायच्या बाजूला उभा केलेला पंखा किंवा उघडा राहिलेला शटरसुद्धा गेजच्या आलेखात दिसतो.

सुरुवात अशी करा: आधी हाताने गॅप बसवा, सगळे हीटर ५०% वर ठेवून. मगच ऑटो चालू करा. हाताने नीट न बसवता ऑटो लावला की काही बोल्ट १००% वर आणि शेजारचे ०% वर अडकतात, लिपचा करवतीसारखा आकार होतो. शेजारच्या दोन बोल्टमधल्या फरकाला सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा घाला.

बोल्टची जागा आणि फिल्मवरची जागा यांचा नकाशा रुंदी सरळ २१०० ला २२५० ने भागून करू नका. मधल्या भागात फिल्म जवळजवळ सरळ खाली येते, आकुंचन सगळे काठाच्या भागात होते. काठापासून ५वा, १०वा, २०वा आणि मधला बोल्ट एकेक करून हलवा आणि स्कॅनरवर शिखर कुठे येते ते टिपा. लिप ते रोल अंतर बदलले की नकाशा पुन्हा.

फिल्मलाइन_४अप

फार उपयोगी. दोन छोटे प्रश्न. लिप साफ करताना काय वापरावे? आणि एमआयडीसीत वीज गेली तर डायचे काय करायचे?

टूलरूम_वाळूज

लिपला पोलादाची कोणतीही वस्तू लावायची नाही. पितळी स्क्रेपर, पितळी लोकर आणि ०.३-०.४ मिमीची तांब्याची शिम. गॅप मोजायलाही पितळी फीलर घ्या. शिमच्या कडांवरची बर आधी बारीक पेपरने काढा. शिम लिपमध्ये १०-१२ मिमी घाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता, न वाकवता एकाच दिशेने ओढा. मध्ये थांबलात तर खरवडलेला कार्बन तिथेच बसतो.

रेघ कार्बनची की खरचटल्याची, हे शिम सांगते. शिम फिरवल्यावर रेघ गेली आणि परत आली नाही तर कार्बन. काही मिनिटांत त्याच जागी परत आली तर लिपला खाच आहे किंवा क्रोम निघाले आहे. खाच हाताने घासू नका, धारेची गोलाई वाढते आणि एका रेघेच्या जागी पट्टा येतो. डाय बनवणाऱ्याकडेच पाठवा.

चिलरोल

वीज गेल्यावर डायमध्ये अडकलेली मेल्ट भाजत राहते. वीज परत येईल म्हणून डाय २५० वर धरून ठेवू नका. जनरेटरवर डायचे हीटर चालतात पण एक्स्ट्रूडर चालत नसेल, तर सेट पॉइंट १८० पर्यंत उतरवा आणि लिपवर ॲल्युमिनियमची पट्टी किंवा ग्लासवूल लावून हवा बंद करा. तपकिरी होण्याला उष्णतेबरोबर प्राणवायू लागतो, तो लिपमधूनच शिरतो. परत चालू करताना सगळे झोन सम तापेपर्यंत स्क्रू फिरवू नका. टोकाचे झोन मागे राहतात आणि गार टोकाकडे मेल्ट ढकलली की लिप बोल्टवर वेडावाकडा जोर येतो. मग अँटिऑक्सिडंट घातलेल्या एलडीपीईने धुवून घ्या. ती घट्ट असते, रेंगाळलेली मेल्ट ढकलून काढते.

आणि ठरवून बंद करतानाही शेवटचा माल एलडीपीईच असू द्या. प्लास्टोमर किंवा पीआयबी (पॉलिआयसोब्युटिलीन, चिकटपणासाठी घालतात ते) डायमध्ये ठेवून रविवारची सुट्टी घेतली की सोमवारचा निम्मा दिवस जेल काढण्यात जातो.

फिल्मलाइन_४अप

कधी कधी ३ रोलची मागणी असते, १५०० मिमी. आतला डेकल (डायची टोके आतून बंद करून रुंदी कमी करणारा अडसर) मागवावा का?

थरावरथर

नको. डेकलच्या मागे मेल्ट थांबते आणि काठाचे थर मोडतात, तुमचा वेढण्याचा त्रास दुप्पट होईल. ३ रोलची मागणी असेल तेव्हाही ४ काढा आणि चौथा साठ्यात ठेवा. काठाचा ट्रिमसुद्धा फ्लफ (बारीक तुकडे) करून मधल्या थरातच द्या, बाहेरच्या थरात कधीही नाही. त्यात क्लिंगचा माल असतो, तो न चिकटणाऱ्या बाजूला गेला की रोल उलगडताना किंचाळतो.

मेल्टफ्लो

ऑर्डर देण्याआधी एकच काम करा. तिन्ही रेझिनचे रिऑलॉजी कर्व्ह मागवा: मधला थर, क्लिंगचे मिश्रण आणि न चिकटणारी बाजू. १० ते ३००० प्रति सेकंद, आणि तापमाने २३०, २५०, २७०. क्लिंगचे मिश्रण म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष चालवणार तेच. नुसत्या प्लास्टोमरचा कर्व्ह नको. ते डाय बनवणाऱ्याला द्या आणि ४०० व ६०० किलो अशा दोन्ही उत्पादनांना रुंदीभर प्रवाहाची वाटणी आणि बॉडीचे उघडणे किती, ते लेखी मागा. जो हे आकडे देईल त्याच्याशी पुढची बोलणी करा. इथे टाकलेत तर आम्ही सगळे मिळून तपासून देऊ.

फिल्मलाइन_४अप

दोन रेझिनचे कर्व्ह हाताशी आहेत. क्लिंगच्या मिश्रणाचा नमुना चाचणीला पाठवतो, आला की इथेच टाकतो.